गाठ निघाली, पण स्नायू आला का?

मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिल्यांदा निदान होते तेव्हा दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांची गाठ आतल्या अस्तरात किंवा त्याखालच्या पातळ थरातच असते. मूत्राशयाच्या स्नायूत ती शिरलेली नसते. अशी गाठ काढण्यासाठी पोटावर छेद घ्यावा लागत नाही. लघवीच्या मार्गाने दुर्बीण आत घालतात, तिच्या टोकाला असलेल्या तारेच्या कडीतून वीज सोडून गाठ तुकड्यातुकड्यांनी खरवडून काढतात आणि रक्त येणाऱ्या जागा डागतात. मूत्राशयातली गाठ विजेने जाळण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या एडविन बिअर यांनी 1910 साली मांडली. आजची कडीची पद्धत तिच्यापुढची. डॉक्टर तिला टीयूआरबीटी म्हणतात.

टाका नाही आणि रुग्ण सहसा एक-दोन दिवसांत घरी, म्हणून ही शस्त्रक्रिया किरकोळ समजली जाते. शिकाऊ डॉक्टरांच्या हाती ती लवकर दिली जाते, तीही याच समजुतीने. ही समजूत रुग्णाला महागात पडते. कारण ही एकच शस्त्रक्रिया उपचारही असते आणि तपासणीही. गाठ किती खोल गेली आहे हे स्कॅनपेक्षा या तुकड्यांवरून अधिक खात्रीने कळते आणि पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो: नुसती देखरेख पुरेल, बीसीजी या क्षयाच्या लसीचे डोस मूत्राशयात सोडायचे, की अख्खे मूत्राशयच काढायचे.

हात बदलला की निकाल किती बदलतो, हे 2002 साली मॉरिझिओ ब्राउसी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. युरोपातल्या सात चाचण्यांमधल्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दुर्बीण-तपासणीचे निष्कर्ष पडताळल्यावर त्यांना दिसले की, एकच गाठ असलेल्यांत ती पुन्हा आढळण्याचे प्रमाण एका रुग्णालयात 3.4 टक्के, तर दुसऱ्यात 20.6 टक्के होते. अनेक गाठी असलेल्यांत ही दरी 7.4 पासून 45.8 टक्क्यांपर्यंत होती. आजार तोच असताना एवढी तफावत पडते, तेव्हा गाठ ‘परत आली’ यापेक्षा ती पहिल्या वेळी राहून गेली, असे मानणेच अनेकदा योग्य ठरते.

मग शस्त्रक्रिया चांगली झाली हे ओळखायचे कसे? सर्वांत भरवशाची खूण पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये सापडते: काढलेल्या तुकड्यांत मूत्राशयाचा स्नायू, म्हणजे डिट्रुसर, आहे की नाही. मूत्राशयाची भिंत पाण्याने फुगली की काही मिलिमीटरच उरते. गाठीचा वरचा, फुलकोबीसारखा भाग काढणे सोपे असते. तिच्या बुडाशी जाऊन स्नायूचा थर घेणे आणि तरीही भिंतीला भोक पडू न देणे, यात कसब लागते. स्नायूच आला नसेल तर गाठ त्यात शिरली नव्हती असे पॅथॉलॉजिस्टला म्हणताच येत नाही. न्यूयॉर्कच्या हॅरी हर यांनी 1999 साली याची किंमत आकड्यांत मांडली. अस्तराखालच्या थरात शिरलेल्या गाठी दुसऱ्यांदा खरवडल्यावर, पहिल्या तुकड्यांत स्नायू नसलेल्या 49 टक्के रुग्णांत कर्करोग प्रत्यक्षात स्नायूपर्यंत गेलेला निघाला. स्नायू आलेल्यांत हे प्रमाण 14 टक्के होते.

एडिंबरामध्ये परमनंथन मरियप्पन यांच्या गटाने 2010 मध्ये हाच धागा पुढे नेला. स्नायू न आलेल्यांत पहिल्याच तपासणीत गाठ दिसण्याचे प्रमाण 44 टक्के, तर आलेल्यांत 22 टक्क्यांच्या आसपास होते. अनुभवी सर्जनच्या हातून स्नायू अधिक वेळा येतो, हेही त्यात दिसले. पुढे 2014 पासून स्कॉटलंडने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी देशभर गुणवत्तेचे निकष लावले आणि प्रत्येक रुग्णालयाची कामगिरी मोजायला सुरुवात केली. गाठींचा नकाशा काढला का, स्नायू आला का, शस्त्रक्रियेनंतरचा औषधाचा डोस वेळेत दिला का, दुसरी शस्त्रक्रिया मुदतीत झाली का, असे हे साधे प्रश्न आहेत. यातल्या कशालाही महागडे यंत्र लागत नाही, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात होते ती भूल दिल्यावर हाताने गाठ चाचपण्यापासून. मग संपूर्ण मूत्राशय पाहून गाठी किती, केवढ्या, कुठे, देठाच्या की पसरट, हे कागदावरच्या आकृतीत भरायचे. गाठीचा वरचा भाग आणि बूड वेगवेगळ्या डब्यांत पाठवायचे. सगळे एकत्र गेले तर खोली कशाची हे कळत नाही. अतिरेकी डागणीने तुकडे करपले तर पॅथॉलॉजिस्टला वाचता येत नाहीत. बाजूच्या भिंतीवरची गाठ विशेष अवघड. तिथून जवळूनच ऑब्ट्युरेटर नस जाते. विजेने ती चेतली की मांडी झटक्यात आत ओढली जाते आणि कडी भिंतीच्या आरपार जाऊ शकते. म्हणून नस बधिर करणे, स्नायू सैल करणारे औषध देणे किंवा मूत्राशय कमी फुगवून काम करणे हे उपाय आधीच ठरवावे लागतात.

गाठ निघाल्यावर पाण्यात तरंगणाऱ्या कर्कपेशी दुसरीकडे रुजू नयेत म्हणून मायटोमायसिनसारख्या औषधाचा एक डोस 24 तासांच्या आत कॅथेटरमधून मूत्राशयात सोडतात. कमी धोक्याच्या गाठींत त्याचा फायदा मोठा आहे. 2016 च्या एकत्रित विश्लेषणात पाच वर्षांत गाठ परतण्याचे प्रमाण 59 वरून 45 टक्क्यांवर आले. भिंतीला भोक पडले असेल किंवा रक्तस्राव जोराचा असेल तर मात्र तो देत नाहीत. इतका स्वस्त उपाय केवळ ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड यांच्यात मेळ नसल्याने हुकावा, ही खेदाची गोष्ट आहे.

गाठ अस्तराखाली शिरलेली असेल किंवा सगळी निघाल्याची खात्री नसेल, तर दोन ते सहा आठवड्यांत तीच जागा पुन्हा खरवडतात. पहिली गाठ पूर्ण निघाल्यासारखी वाटली तरी अशा वेळी उरलेला कर्करोग सापडणे नवलाचे नसते. बीसीजी सुरू करायची ती त्यानंतरच. या कामासाठीची बीसीजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही बनते.

नव्या साधनांचा निकाल संमिश्र आहे. रसायन सोडून निळ्या प्रकाशात पाहिले की सपाट, एरवी नजरेतून सुटणाऱ्या जागा गुलाबी-लाल चमकतात. तरीही ब्रिटनमधल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या फोटो या चाचणीत तीन वर्षांत गाठ परतण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. गाठ तुकडे न करता बुडासकट एकसंध उचलण्याची पद्धत अधिक आशादायक वाटते, कारण तिच्यात स्नायू बहुतेक वेळा हाती येतो आणि कडा स्वच्छ आहेत का हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येते. मोठ्या गाठींना मात्र ती लागू पडत नाही. एकसंध तुकडा मूत्रमार्गातून बाहेर काढणेच कठीण असते.