नशेचे तोंड कसे असते?

मी शेतकी खात्यातला माणूस. भातावरची कीड विचारा, सांगेन. मूर्तिकलेत माझी मजल शाडूची माती भिजवण्यापुरतीच. तरी गेल्या गणपतीत कल्याण तालुक्यातल्या एका गावी जे पाहिले, ते शेतकरी बंधुभगिनींना सांगितल्यावाचून राहवत नाही.

तिथल्या तरुण मंडळाने देखाव्याला विषय घेतला होता मदासुराचा. गोष्ट जुनी, महाभारताच्या वनपर्वातली. अश्विनीकुमारांना सोमरसाचा वाटा द्यायला इंद्राने हरकत घेतली आणि वज्र उगारले. तेव्हा च्यवन ऋषींनी त्याचा हात जागीच थोपवला आणि मद नावाचा असुर उभा केला. एक जबडा भुईला, दुसरा आभाळाला! इंद्र नमल्यावर ऋषींनी हा मद दारू, स्त्रिया, जुगार आणि शिकार यांत वाटून टाकला. (स्त्रियांना या यादीत का बसवले, असे आमच्या घरी विचारले गेलेच.) मुद्गल पुराणात गणपती एकदंत अवतारात मदासुराला नमवतो.

नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती निघतात. काळी आणि पिवळी मारबत १८८० च्या दशकापासूनच्या. सोबत बडगे असतात, महागाई, भ्रष्टाचार, व्यसन अशा चालू पीडांचे. मिरवून झाले की त्यांना जाळतात.

आमच्या मंडळाचा मदासुरही तशाच वळणाचा झाला होता. शिंगे, सुळे, हातात बाटली. गणपतीला आठ दिवस होते. पोरे येऊन बघत आणि हसत. एक मुलगा तेवढा हसला नाही. त्याच्या घरची जमीन इमारतींना गेली, पैसा आला, हाताचे काम गेले, आणि पोरगा डोंबिवलीच्या मित्रांसोबत ‘एमडी’च्या, म्हणजे मेफेड्रोनच्या पुडीला लागला. नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून परतला होता. कारागिराला म्हणाला, “काका, पहिल्या दिवशी तो असा दिसत नाही. दिसला असता तर जवळ कोण गेलं असतं?”

कारागीर पिढीजात गणपती करणारा. त्याने ओल्या मातीतली शिंगे उपटली. “मग कसा दिसतो, ते सांग.”

मुलगा सांगत गेला. आधी अंग हलके होते, समोरचा प्रत्येक जण जिवलग वाटतो. मग दातखीळ बसल्यासारखा जबडा आवळतो. रात्र-रात्र झोप नाही. कातडीखाली मुंग्या चालतात. खाजवून रक्त काढले तरी थांबत नाहीत. उतरल्यावर आत काही उरत नाही.

कारागिराने तेच घडवले. डावीकडून पाहिले तर हसरा दोस्त, पाऊल भुईपासून वीतभर वर. उजवीकडून तेच अंग, पण जबडा आवळलेला, डोळ्यांना पापणीच नाही, दंडावर काळे तीळ दाबून केलेल्या मुंग्या. पाठ मात्र त्याने मातीने लिंपलीच नाही. आतला पेंढा तसाच उघडा ठेवला.

घरात असे कोणी असेल तर अंगारेधुपारे करत बसू नका. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच काम करते. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फोन केला तरी सल्ला मिळतो, पैसे पडत नाहीत.

दर्शनाच्या रांगेत त्या मुलाची आई होती. सगळे समोरून बघून पुढे सरकले. ती मागे गेली, पेंढ्यावरून हात फिरवला आणि तिथेच बसली. मुलगा तिच्यासाठी पाणी घेऊन आला.