फाइलमधला पाच आणि हिशेबातला पाच

मंडळातल्या मुलांना सी भाषा शिकवताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : "फाइलमध्ये पाच लिहिलाय, मग प्रोग्रॅम ५३ का दाखवतोय?"

कारण मजकुराच्या फाइलमध्ये पाच ही संख्या नसतेच, पाचाचे चिन्ह असते. प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिलेला असतो. १९६३ साली अमेरिकेत आलेल्या आस्की पद्धतीत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, पाचाचा ५३ आणि नवाचा ५७. सीमधले एफगेटसी हे फंक्शन फाइलमधून एकेक बाइट वाचते आणि हा क्रमांकच आपल्या हाती देते.

फाइलमध्ये इंग्रजी अंकांत पंचवीस लिहिले असतील, तर हाती येतात ५० आणि ५३. त्यांतून ४८ वजा केले की २ आणि ५ उरतात. मग दोनाला दहाने गुणून त्यात पाच मिळवायचे. शाळेत शिकलेली स्थानिक किंमत ती हीच!

दोन-तीन लिप्यांत वावरणाऱ्या आपल्या घरांना पुढची गोष्ट जास्त लागू पडते. युनिकोडमध्ये देवनागरी पाचाचा क्रमांक २४११, बडोदेकरांच्या ओळखीच्या गुजराती पाचाचा २७९५, तर बेळगावकरांच्या ओळखीच्या कन्नड पाचाचा ३३०७. किंमत मात्र तिघांचीही पाचच. शिवाय यूटीएफ-८ फाइलमध्ये देवनागरी अंक तीन बाइट घेतो. त्यामुळे ४८ वजा करायची युक्ती तिथे चालत नाही.

समजा, मंडळाची जुनी वर्गणीची वही कोणी देवनागरी अंकांत टाइप केली. सीमधल्या एटूआय फंक्शनला त्यातले '२५' दिले, तर ते मुकाट्याने शून्य देते. काही बिनसले आहे, असे सांगतही नाही. आजोबांनी भरलेली वर्गणी बेरजेतून गायब! पायथनचे इंट फंक्शन मात्र देवनागरी अंक ओळखते आणि २५ देते.

उलट काळजीही घ्यावी लागते. फोन नंबर किंवा ००७ सारखा सभासद क्रमांक चिन्हांच्या रूपातच ठेवावा. त्याची संख्या केली, की पुढची शून्ये जातात.

जुन्या वह्या संगणकावर चढवण्याचे काम आता तुमच्याच पिढीकडे येणार आहे. तेव्हा आधी चार ओळींची बेरीज कागदावर करा आणि प्रोग्रॅमचे उत्तर तिच्याशी ताडून पाहा. ते जुळले, तरच पुढची पाने घ्या.