पोरं ऐकत नाहीत, तेव्हा

परंदवडीसारख्या मावळातल्या गावात भातलावणीची घाई सुरू झाली की घरोघरी एकच तक्रार असते, "पोरं ऐकत नाहीत." धपाटा घातला की पोर तेवढ्यापुरते उठते, पुढच्या हाकेला पुन्हा बहिरे होते.

आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गरीब वस्त्यांतील बालकांसाठी काम सुरू केले. मुले शाळेत येईनात. त्यांनी मुलांना दोष दिला नाही; शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुराख्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली.

घरीही आपण मुलाच्या अंगणात जावे. ओसरीवरून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन, नाव घेऊन सांगावे. खेळ मोडण्याआधी, "एवढा डाव झाला की ये," असे म्हणावे. "शेळीला पाला टाकतोस, की कोंबड्या डालतोस?" असे विचारावे. स्वतः निवडलेले काम मूल मनापासून करते. झाल्यावर, "कोंबड्या वेळेवर डालल्यास, माझी काळजी मिटली," एवढे जरूर सांगावे. शेजारच्या पोराशी तुलना मात्र करू नये. ती माराहून खोल लागते.

आज ऐकून घेतलेले मूलच उद्या आपले ऐकते.