गुलाबी पाण्याचा हिशेब

मावशी इंग्लंडला लेकाकडे राहून आली, ती एक फाइल घेऊन. त्या फाइलमधली एकच ओळ घरभर फिरली : क्रिएटिनिन ८०. आमच्याकडे क्रिएटिनिन दोनवर गेलं तरी माणसं हळू आवाजात बोलायला लागतात. ऐंशी म्हटल्यावर मामानं कुणाला न सांगता डायलिसिसची चौकशी सुरू केली. दोन दिवसांनी गावातल्या लॅबवाल्या ताईंनी तो कागद पाहिला, मोबाइलवर ८० ला ८८.४ नं भागलं आणि म्हणाल्या, "शून्य पॉइंट नऊ. मावशींना जेवायला वाढा." तिकडचा आकडा मायक्रोमोल प्रति लिटरमधला होता आणि आपण वाचला मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर समजून.

हा किस्सा संपादकांना सांगितला, तर त्यांनी मला त्याच लॅबमध्ये परत धाडलं.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एसटी स्टँडसमोर खाली झेरॉक्सचं दुकान, वर लॅब. दोन खोल्या, एक फ्रिज, एक सेंट्रिफ्यूज आणि टेबलावर मिक्सरपेक्षा थोडं मोठं सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर. शहरातल्या मोठ्या लॅबमधली यंत्रं तासाला शेकडो चाचण्या करतात. त्यांचा मूळपुरुष १९५७ साली बाजारात आलेला ऑटोअ‍ॅनालायझर. लिओनार्ड स्केग्ज यांची कल्पना साधी होती : एकाच बारीक नळीतून एकामागून एक नमुने सोडायचे आणि ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये हवेचे बुडबुडे ठेवायचे. या लॅबला बुडबुडे नाहीत. इथं ताईंचा अंगठा पिपेटवर असतो.

माझी अशी समजूत होती की यंत्र रक्तातली साखर मोजतं. ते साखर मोजतच नाही. ताईंनी १० मायक्रोलिटर सिरम घेतलं, म्हणजे थेंबाचाही लहानसा अंश, आणि ते १ मिलिलिटर रिएजंटमध्ये सोडलं. या रिएजंटला लॅबमध्ये 'गॉड-पॉड' म्हणतात. देवाशी त्याचा संबंध नाही, ती ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज या दोन एन्झाइमांची आद्याक्षरं. पहिलं एन्झाइम ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, दुसरं त्या पेरॉक्साइडच्या मदतीनं रंग उठवतं. ३७ अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की नळीतलं पाणी गुलाबी होतं, कोकम सरबत फार पातळ करावं तसं. साखर जास्त तितका रंग गडद. त्या रंगातून यंत्र ५०५ नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश सोडतं आणि त्यातला किती वाटेत हरवला ते बघतं. बस, एवढंच.

पण हरवलेल्या प्रकाशाला साखरेची भाषा येत नाही. म्हणून सोबत दोन नळ्या आणखी लागतात. 'ब्लँक'मध्ये नुसतं रिएजंट, तो शून्य. 'स्टँडर्ड'मध्ये १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एवढी ठाऊक असलेली साखर. त्या दिवशी स्टँडर्डचं रीडिंग आलं ०.३०, पेशंटचं ०.४२. ताईंनी वहीच्या कडेला मांडलं : ०.४२ भागिले ०.३० गुणिले १००, बरोबर १४०. यंत्रात हे आपोआप होतं, तरी दिवसातला पहिला हिशेब त्या हातानं करतात. मला ती सवय फार आवडली. रिपोर्टवरच्या त्या ठाम छापील १४० च्या मागं फक्त एक तुलना उभी आहे, आणि स्टँडर्डची बाटली उघडी राहिली असेल तर अख्ख्या गावाची साखर चुकेल.

म्हणून भिंतीवर तक्ता आहे. मधे एक आडवी रेघ, वर-खाली आणखी रेघा, आणि रोजचा एक ठिपका. ज्याची साखर आधीच ठरलेली आहे असं कंट्रोल सिरम रोज सकाळी आधी लावायचं आणि ठिपका द्यायचा. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० मध्ये ही पद्धत लॅबमध्ये आणली. "ठिपके सलग एकाच बाजूला चालले की मला झोप येत नाही," ताई म्हणाल्या.

आता एककांकडे. आपल्याकडे हापूस डझनावर मिळतो आणि कांदा किलोवर. रक्ताच्या रिपोर्टचंही तसंच आहे. मिलिग्रॅम म्हणजे वजन, मोल म्हणजे नग. उपाशीपोटी साखर ९० आणि युरिया ३० मिलिग्रॅम असेल, तर वजनात साखर तिप्पट. पण ग्लुकोजचा रेणू युरियाच्या तिप्पट जड, १८० ला ६०. म्हणजे नग मोजले तर दोन्ही ५ मिलिमोल, बरोबरीत! शरीरातल्या रासायनिक क्रिया नगावर चालतात, म्हणून १९७७ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं वैद्यकात एसआय एककं वापरण्याची शिफारस केली. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया मिलिमोलवर गेले. अमेरिका आणि आपण मिलिग्रॅमवर राहिलो. तेही पुरते नाही. आपल्याच रिपोर्टवर सोडियम-पोटॅशियम नगावर असतं आणि यकृताचं एसजीपीटी वजनावरही नाही, नगावरही नाही. एन्झाइमाची मजुरी कामावर : मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ पालटला की एक युनिट.

ताईंना यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा धाक आहे. काही लॅब 'युरिया' छापतात, काही 'बीयूएन', म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. एकक दोन्हींचं तेच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. आकड्यात मात्र २.१४ पटीचा फरक. युरिया ४० असेल तर चालून जातं, बीयूएन ४० असेल तर डॉक्टरकडे जावं लागतं. इथं एकक बघूनही माणूस फसतो.

आणि हे सगळं नळी लॅबमध्ये पोहोचल्यावरचं. आसपासच्या गावांतलं रक्त बर्फाच्या पेटीतून एसटीनं येतं. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात, त्या साखर खात बसतात. साध्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के. म्हणून साखरेची नळी राखाडी बुचाची, आत फ्लोराइड. पण फ्लोराइड साखर पचवण्याच्या साखळीतली फार पुढची कडी अडवतं, त्यामुळं पहिला तासभर खाणं चालूच राहतं. बर्फात ठेवावं, तर पेशींचे पंप गारठतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. ज्या बर्फानं साखर टिकते त्यानंच पोटॅशियम खोटं वाढतं. सिरम गावातच वेगळं करून पाठवावं, हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला प्रत्येक गावात सेंट्रिफ्यूज हवं, वीज हवी, आणि अर्धा तास थांबणारा माणूस हवा.

मी होतो त्या दिवशी साडेअकराची गाडी पावणेएकला आली. पेटीतला बर्फ वितळला होता. ताईंनी अकरा नळ्या एकेक करून उजेडाकडे धरल्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या, पुन्हा बघितल्या. चारांचं सिरम पिवळं यायच्या ऐवजी लालसर आलं, पेशी फुटलेल्या. त्या चार नावांपुढं त्यांनी वहीत 'पुन्हा घेणे' असं लिहिलं आणि फोन लावला. त्या चौघांना उद्या परत उपाशीपोटी यायचं होतं, आणि त्यातल्या एका आजींनी फोनवर ताईंना चांगलंच फैलावर घेतलं.