विम्याचा अभ्यास, अमानतीची परीक्षा

रमजानच्या महिन्यात मोहल्ल्यातला दिवस सहेरीपासून सुरू होतो. सहेरी म्हणजे रोजा धरण्यापूर्वीचे पहाटेचे जेवण. ते उरकून फज्रची नमाज झाली की घर जागे होईपर्यंत तासभर निवांत मिळतो. कुणी कुराण वाचत बसतो, दहावी-बारावीची मुले पुस्तके उघडतात. यंदाचा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. हे दिवस शाळेच्या परीक्षांचे तसेच विमा धंद्याच्या मार्चअखेरच्या हंगामाचेही असतात. त्यामुळे काही घरांत याच वेळी आणखी एका परीक्षेचे पुस्तक उघडलेले दिसते. ती परीक्षा विमा एजंटची.

ही परीक्षा ‘आयसी-३८’ या नावाने ओळखली जाते. तिचा अभ्यासक्रम मुंबईच्या भारतीय विमा संस्थानाने तयार केला असून पुस्तक मराठीतही मिळते. उमेदवाराचे नाव विमा कंपनीमार्फत जाते, आधी प्रशिक्षण होते आणि मग संगणकावर परीक्षा. ५० प्रश्न, ६० मिनिटे. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि पास व्हायला ३५ टक्के, म्हणजे १८ गुण पुरतात. डिसेंबर २०२४ मध्ये आयुर्विमा महामंडळाची ‘विमा सखी’ योजना सुरू झाली. दहावी पास महिलांना, ठरवून दिलेले काम केल्यास, पहिल्या वर्षी महिन्याला ७ हजार रुपये मानधन देणारी ही योजना आल्यापासून घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बायकांचे लक्षही या परीक्षेकडे वळले आहे.

अठरा गुणच हवे असल्याने बरेच जण पुस्तकाला हात लावत नाहीत. मोबाइलवर आलेले प्रश्नसंच पाठ करतात आणि पास होतात. पण या परीक्षेत नापास होण्याची किंमत एजंटला मोजावी लागत नाही. ती मोजावी लागते त्याच्याकडून पॉलिसी घेणाऱ्याच्या घराला.

मिरजेच्या एका मोहल्ल्यातली तिशीतली गृहिणी ही परीक्षा देते आहे, ती याच कारणाने. तिच्या थोरल्या दिरांनी आयुर्विमा घेतला होता. त्यांना साखरेचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या. अर्ज एजंटने भरला, आजाराच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले आणि खूण केलेल्या जागी सही घेतली. दुसऱ्याच वर्षी दीर गेले. चौकशीत दवाखान्याचे जुने कागद निघाले आणि दावा नामंजूर झाला. भरलेले हप्ते तेवढे परत आले. तिची जाऊ आज ब्लाउज शिवून दोन मुलांना शिकवते आहे. “भाभींना फसवायचं कुणाच्या मनात नव्हतं,” ती सांगते. “एका रकान्यात खरं लिहायचं राहिलं, एवढंच झालं.”

तो रकाना म्हणजेच या अभ्यासक्रमाचा गाभा. पुस्तकात त्याला परम सद्भावाचे तत्त्व म्हटले आहे. बाजारात वस्तू घेताना ती नीट पारखून घेणे ही गिऱ्हाइकाची जबाबदारी असते. विम्याचे उलट आहे. इथे आपल्या तब्येतीविषयी, सवयींविषयी सगळे काही गिऱ्हाइकालाच ठाऊक असते, कंपनीला काहीच नसते. म्हणून विचारलेले सगळे खरे सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तसेच पॉलिसीत काय आहे आणि काय नाही, हे उघड सांगणे कंपनीवर. १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम सांगते की पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. पण पहिल्या तीन वर्षांत महत्त्वाची माहिती दडवल्याचे आढळले, तर दावा नाकारता येतो. प्रश्नसंचात हा एका गुणाचा प्रश्न. तिच्या जावेच्या घरात तो साऱ्या आयुष्याचा झाला.

आता ती शेजाऱ्यांवरच सराव करते. शेजारच्या काकूंना तिने नमुन्याचा अर्ज वाचून दाखवला. तंबाखूच्या रकान्यापाशी काकू अडल्या. “मिश्रीचं पण लिहायचं का गं? ती काय तंबाखू आहे का?” “तंबाखूच आहे, काकू. लिहायचं. हप्ता थोडा वाढेल, पण पैसे मिळतील.”

आरोग्य विम्याचा भाग तिला जास्त महत्त्वाचा वाटतो. मिरज हे दवाखान्यांचे गाव. अनामत भरण्यासाठी दागिने घेऊन धावणारी माणसे इथे सर्वांनीच पाहिली आहेत. या भागातले नियम मात्र अलीकडे बदलले आहेत आणि जुन्या प्रश्नसंचांत जुनेच आकडे फिरत असतात. आधीपासून असलेल्या, अर्जात सांगितलेल्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी पूर्वी कमाल ४८ महिने थांबावे लागे. २०२४ पासून ही मर्यादा ३६ महिने आहे. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही तर परत करण्यासाठी आता ३० दिवस मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर जीएसटी लागत नाही. जुने आकडे पाठ करणारा एजंट पास होईलही, पण लोकांना चुकीचे सांगेल.

मुस्लिम घरांत या अभ्यासाबरोबर आणखी एक प्रश्न येतो: विमा जायज आहे का? हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. व्याज, जुगार आणि व्यवहारातली अनिश्चितता इस्लामला मान्य नाही. १९८५ साली जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकार्यावर चालणारा विमा मान्य केला. त्याला ‘तकाफुल’ म्हणतात. मलेशियात त्यासाठी १९८४ पासून कायदा आहे. आपल्याकडे आरोग्य विमा गरज म्हणून घ्यावा की नाही, याबाबत उलेमांत मतभेद आहेत. वाहनाचा तृतीयपक्ष विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. या गृहिणीने स्वतःपुरते उत्तर मौलानांना विचारून घेतले. गिऱ्हाइकाला मात्र ती फतवा देणार नाही. हप्त्याचे पैसे कुठे गुंतवले जातात, त्यात व्याजाचा भाग असतो, हे ती सांगणार आणि निर्णय त्याच्यावर सोडणार. हीदेखील परम सद्भावाचीच बाजू आहे.

याच पुस्तकात १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदाही येतो. नवऱ्याने या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे स्वतःचा विमा उतरवला, तर त्या रकमेवर त्याच्या सावकारांना हात टाकता येत नाही. १ एप्रिल १९२३ पासून हे कलम हिंदू, मुस्लिम, शीख आणि जैन कुटुंबांना लागू आहे. कर्ज काढून रिक्षा किंवा दुकान चालवणाऱ्याच्या बायकोला हे माहीत असायला हवे, मग ती कोणत्याही गल्लीतली असो. पण अर्जासोबत त्यासाठी वेगळा कागद भरावा लागतो आणि तो भरायला एजंटने सुचवावे लागते.

४१ वे कलम तर एजंटच्या इमानावरच बोट ठेवते. गिऱ्हाईक मिळावे म्हणून आपल्या कमिशनमधून हप्त्यात सूट देणे हा गुन्हा आहे आणि त्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘पहिला हप्ता तुम्हीच भरा’ असे हक्काने मागणारे नातेवाईक प्रत्येक एजंटला भेटतात. त्यांना ‘नाही’ म्हणणे पुस्तकातल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा अवघड असते.

रमजानशी या अभ्यासाचे नाते इथे जुळते. बंद दाराआड रोजेदार घोटभर पाणी प्यायला तर कुणाला कळणार नाही. जकात, म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून गरिबांसाठी काढायचा अडीच टक्के हिस्सा, तिचा हिशोबही प्रत्येक जण स्वतःच मांडतो. तपासायला कुणी येत नाही. विम्याचा अर्जही असाच आहे. सही करताना कुणीच तपासत नाही. तपासणी होते ती माणूस गेल्यावर किंवा दवाखान्यात दाखल झाल्यावर, जेव्हा दुरुस्ती करता येत नाही. दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी सांभाळण्याला इस्लाममध्ये ‘अमानत’ म्हणतात. गिऱ्हाइकाने सांगितलेली माहिती आणि त्याने ठेवलेला विश्वास, ही एजंटकडची अमानतच आहे.

परीक्षा देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि ज्यांच्या घरी पॉलिसी आहे त्यांनीही. मार्चचा हप्ता भरण्याआधी एकदा कपाटातली पॉलिसी काढा. तिच्यासोबत तुमच्या अर्जाची प्रत असते. आजार, औषधे, शस्त्रक्रिया, तंबाखू हे रकाने स्वतः वाचा, वारसाचे नाव तपासा. काही चुकीचे लिहिले असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा आणि पोच घ्या. त्याने कदाचित हप्ता वाढेल, पण उद्या तोच कागद घेऊन घरच्यांना खाली मान घालून परतावे लागणार नाही.