मेंढी, मेंढरू आणि ‘बकरी’ : लिंगविचारातील एक उदाहरण

व्याकरणात पुल्लिंगी रूप मूळ मानून त्यावरून स्त्रीलिंगी रूप साधण्याची रीत आहे : मुलगा–मुलगी, घोडा–घोडी. त्याच ओघात आपण ‘मेंढा–मेंढी’ ही जोडी पाठ करतो. प्रत्यक्ष व्यवहार मात्र उलट चालतो. आखाडा बाळापूरच्या (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) शिवारात कोणी खतासाठी कळप बसवला, तर तो ‘मेंढ्या बसवल्या’ असेच सांगेल, ‘मेंढे बसवले’ असे म्हणणार नाही. पंचवीस-तीस माद्यांना एक नर पुरतो; कोकरू मादीच देते आणि कळप वाढतो तो तिच्यामुळे. म्हणून येथे मादीचे नाव हेच जातीचे नाव झाले. ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ’ या शासकीय नावातही तेच दिसते. गाय, म्हैस, शेळी हे शब्द याच पंक्तीतले.

संस्कृतात मेंढीसाठी ‘अवि’ हा प्राचीन शब्द आहे. लॅटिन ‘ओविस’ आणि इंग्रजीतील मेंढीवाचक ‘यू’ हे त्याचेच सगोत्र. मराठीने तो न घेता प्राकृत ‘मेंढ’ पत्करला. नरासाठी ‘एडक’वरून आलेला ‘एडका’ही राखला.

‘मेंढरू’ हा नपुंसकलिंगी शब्द लेकरू, वासरू यांच्या वळणाचा असला, तरी तो केवळ पिलाचा वाचक नाही. मोजताना ‘एक मेंढरू कमी भरले’ असे म्हणतात, तेव्हा ते नर की मादी, लहान की मोठे, हे सांगायचेच नसते.

खरी फसगत पुढेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील आदमापूरच्या बाळूमामांचे कळप ‘बाळूमामांची बकरी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. ती शेळी नव्हे. त्या मेंढ्या आहेत. शिवाय हे रूप स्त्रीलिंगी एकवचन नसून ‘बकरे’ (बोलीत ‘बकरं’) या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन आहे, जसे केळे–केळी. ‘बकरी आली’ या वाक्यावरून भेद कळत नाही, कारण दोन्हींकडे क्रियापद ‘आली’ असेच येते. वर्तमानकाळ घ्या, म्हणजे उलगडा होतो : ‘बकरी चरते’ ही एक शेळी, ‘बकरी चरतात’ हा मेंढरांचा कळप. बोलीचे नमुने नोंदवताना हे ध्यानी न घेतल्यास आपल्या वहीत मेंढीची शेळी होते, आणि पुढचा अभ्यासक तीच चूक प्रमाण मानतो.

कृती : आपल्या परिसरातील मेंढपाळाला गाभण, दुभती व प्रथमच व्यायला आलेली मेंढी यांची नावे विचारा. प्रत्येक शब्द संपूर्ण वाक्यासह, क्रियापद न बदलता लिहून घ्या.