चोरवाटेवरचा माल

11 सप्टेंबरच्या हल्ल्याला पाच महिनेही झाले नव्हते. 3 फेब्रुवारी 2002 रोजी, अमेरिकेतल्या सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, तिथल्या सरकारने देशातल्या तरुणांना जाहिरातींतून बजावलं की नशेसाठी मोजलेला पैसा दहशतवाद्यांना मदत करू शकतो. अमली पदार्थ आणि दहशतवाद यांचं नातं लोकांना समजावून सांगण्याचा एवढा मोठा प्रयत्न त्याआधी क्वचितच झाला असेल. पण 2004 मध्ये 11 सप्टेंबरच्या चौकशी आयोगाने सांगितलं, की बिन लादेनने अमली पदार्थांच्या व्यापारातून पैसा उभा केल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. 11 सप्टेंबरचा संपूर्ण कट चार ते पाच लाख डॉलरमध्ये पार पडला होता. 2006 मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, ज्या प्रचारमोहिमेचा या जाहिराती भाग होत्या, ती तरुणांमधलं व्यसन कमी करण्यात निष्फळ ठरल्याचा निष्कर्ष काढला. यावरून काही अभ्यासकांनी हे नातंच सरकारी अतिशयोक्ती ठरवलं. मला तसं वाटत नाही. नातं खरं आहे. लोकांना ते चुकीच्या जागी दाखवलं गेलं.

दहशतवादी हल्ला मुळात फार महाग नसतो. अवघड असतं ते स्फोटकं सीमेपलीकडून आणणं, ती दडवणं, खोटी कागदपत्रं मिळवणं, पैसा नोंद न होता फिरवणं. हे सगळं ज्यांना रोजच्या धंद्यामुळे येतं ते तस्कर. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांतल्या बॉम्बस्फोटांत 190 हून अधिक माणसं मारली गेली. त्यात वापरलेलं डायनामाइट उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियास प्रांतातल्या एका खाणीतून चोरलेलं होतं आणि त्याच्या मोबदल्यात चरस देण्यात आला होता. कटातला एक मुख्य माणूस स्वतः चरसचा व्यापारी होता. रोख रकमेचा प्रश्न इथे दुय्यम होता. चरसच्या धंद्यात जमलेल्या ओळखींमुळे मारेकरी खाणीपर्यंत पोचले.

आपल्याकडचा दाखला याहून बोलका आहे, आणि त्यात गर्द नव्हतं म्हणूनच तो महत्त्वाचा. 1993 च्या जानेवारीत रायगड जिल्ह्यातल्या दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. या किनाऱ्यावर चांदी-सोन्याची ‘लँडिंग’ वर्षानुवर्षं होत आली होती. कुठल्या खाडीत कधी पाणी भरतं, माल कोण उचलणार, ट्रक कुणाचे, कस्टम्समध्ये कुणाला किती द्यायचे, हे सगळं ठरलेलं होतं. दिघीहून निघालेले ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवले. लाचेचा सौदा झाला, आणि रक्कम हाती येईपर्यंत चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या. ट्रक पुढे गेले. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली. पुढे टाडा न्यायालयाने या प्रकरणात कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीस यांनाही दोषी ठरवलं. अधिकाऱ्यांपैकी कुणाला खोक्यांत काय आहे हे ठाऊक होतं, कुणाला नव्हतं, यावर न्यायालयात पुष्कळ वाद झाला. माझ्या मते ‘ठाऊक नव्हतं’ ही जागाच सगळ्यात भयंकर आहे, कारण हप्ता घेणाऱ्याचं कामच न विचारण्याचं असतं. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. सोने नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला, 1992 पासून परदेशस्थ भारतीयांना सोनं उघडपणे आणता येऊ लागलं, आणि सोन्याच्या तस्करीतला नफा आटत गेला. पण होड्या, माणसं आणि लाचेचे दर तिथेच राहिले. ज्या दाऊद इब्राहिमचं नाव या कटाशी जोडलं गेलं, त्याला अमेरिकेने 2003 मध्ये जागतिक दहशतवादी आणि 2006 मध्ये अमली पदार्थांचा मोठा तस्कर म्हणून जाहीर केलं. सोनं, गर्द आणि स्फोटकं यांच्यासाठी वेगळे समुद्र नसतात.

यावर एक रास्त आक्षेप येतो. तस्कराला शांतता हवी असते; स्फोट झाले की नाकाबंदी होते, धंदा बसतो. मग तो दहशतवाद्याला का साथ देईल? नेहमी देत नाहीच. दोघांची ध्येयं एक आहेत असं सांगणारी मांडणी मलाही भाबडी वाटते. पण सेवा विकायला ध्येय एक असावं लागत नाही, आणि टोळीचा म्होरक्या सूड, धर्म किंवा आश्रयदात्या सत्तेचा दबाव यांपायी धंद्याचं नुकसानही सोसतो. दुसरा आक्षेप असा, की अफूच संपवली तर दहशतवादाचं कंबरडं मोडेल. हा प्रयोग अफगाणिस्तानात झाला आहे. 2002 ते 2017 या काळात अमेरिकेने तिथे अमली पदार्थांविरुद्ध साडेआठ अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला, तरी अफूचं पीक वाढत गेलं. शेवटी बंदी आणली ती तालिबाननेच, एप्रिल 2022 मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार लागवड 2,33,000 हेक्टरवरून 2023 मध्ये 10,800 हेक्टरवर आली. त्याच 2023 मध्ये शेजारच्या पाकिस्तानात दहशतवादी हल्ले वाढले. डेव्हिड मॅन्सफील्ड हे अभ्यासक तर सांगत आले आहेत, की इराणच्या सीमेवरच्या निमरोझसारख्या प्रांतात तालिबानची कमाई अफूपेक्षा डिझेल आणि इतर कायदेशीर मालाच्या वाहतुकीवरच्या वसुलीतून जास्त होती. म्हणजे तिथेही ताकद रस्ता कुणाच्या ताब्यात आहे यात होती.

मग गर्द विकत घेणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का? आहे. त्याच्या पैशावर ही साखळी पोसली जाते हे नाकारता येणार नाही. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात अफूजन्य पदार्थ वापरणारे सुमारे 2 कोटी 26 लाख लोक होते. एवढ्या माणसांना देशद्रोहाच्या सावलीत उभं केलं तर ती उपचाराच्या दारातून मागे फिरतील आणि विक्रेत्यालाच आणखी चिकटतील. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64-अ नुसार, सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी आरोपी झालेल्या व्यसनीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. शाळेशाळांत होणाऱ्या व्यसनविरोधी सप्ताहात हे कलम फळ्यावर लिहिलं जायला हवं. देशरक्षणाचा मुद्दा मात्र दुसऱ्या श्रोत्यांपुढे न्यायला हवा. सप्टेंबर 2021 मध्ये मुंद्रा बंदरात दोन कंटेनरमधून 2,988 किलो हेरॉईन पकडलं गेलं. अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेल्या त्या मालाची कागदोपत्री नोंद शंखजिऱ्याचे दगड अशी होती. असा माल बंदरापर्यंत यायला आयातदाराचं नाव लागतं, एजंटची सही लागते, बँकेतलं खातं लागतं. आयात क्रमांक कमिशनवर दुसऱ्याला वापरू देणारा व्यापारी, ओळखीवर बिल ऑफ एंट्री भरणारा क्लिअरिंग एजंट, महिन्याला चार-पाच हजार रुपयांसाठी आपलं खातं वापरायला देणारा विद्यार्थी, रात्रीच्या एका फेरीचे जादा पैसे घेऊन बंद पेटीबद्दल काही न विचारणारा तांडेल: यांतले बहुतेक स्वतःला गुन्हेगार समजत नाहीत. गोंडघर फाट्याची हकिकत सांगायची असेल तर ती या माणसांना, त्यांच्या संघटनांच्या सभांमध्ये, मच्छीमार सोसायट्यांत आणि कस्टम्स व पोलिसांच्या प्रशिक्षणात, निकालपत्रातल्या तपशिलांसह सांगायला हवी.